लेखनासाठीं एक घटका

"लेखनानें पोट भरतें काय?" असा प्रश्न अनेक पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरही बहुधा नकारार्थीच आहे. परंतु ज्यानें पोट भरत नाहीं तें सर्व व्यर्थ, असें मानणें उचित नव्हे.

आपल्या जिल्ह्यांतीलच उदाहरण घ्या. राहुरी व नगर येथें संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांस शालेय शिक्षण मिळालें नाहीं. अक्षरओळख करून दिली ती पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं. घरीं पैशांची ओढाताण, पाहुण्यांची वर्दळ व पोरक्या मुलांचा सांभाळ हीं नित्याचींच. १९१९ सालीं रेव्हरंड टिळक वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें बाईंनीं पूर्ण केलें. 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग निघाला तो १९३४ सालीं, त्यांच्या वयाच्या पासष्टीनंतर. फुरसत व मोबदला यांची वाट पाहत त्या बसल्या असत्या, तर मराठी भाषा एका अमोल आत्मचरित्रास मुकली असती.

विद्यार्थिमित्रहो, अभ्यास वा उद्योग सोडूं नका. मात्र रोज एक घटका आपल्या वहीसाठीं राखून ठेवा. पालकांस विनंती इतकीच कीं, त्या घटकेंत मुलास दुसरें काम सांगूं नये.