बगॅसने पाणी शुद्ध होईल. पण मग त्या बगॅसचे काय?



औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत, ते सभासद हल्ली गट ऑफिसात येऊन एकच विचारतात, "साहेब, बगॅस टाकलं की पाण्यातलं शिसं निघतं म्हणे. दोन ट्रॉल्या द्या की." मागणी काळजीपोटी आहे. पण ट्रॉली भरण्यापूर्वी चार शब्द लिहिणे आम्हांस जरूर वाटते.

गोष्ट खोटी नाही. कोरा बगॅस धातू थोडाफारच धरतो. तोच धुऊन, वाळवून, सायट्रिक आम्लात (लिंबात असते तेच) भिजवून सुमारे १२० अंश सेल्सियसला तापविला की आम्लाचे रेणू त्याच्या तंतूंना जोडले जातात आणि शिसे, कॅडमियम, तांबे पकडणाऱ्या जागा वाढतात. ब्राझीलमधील ऊरो प्रेतो येथील विद्यापीठाने २००७ साली वेगळी रसायने वापरून असेच काम प्रसिद्ध केले. त्यात एका ग्रॅम बगॅसने शंभर मिलिग्रॅमहून जास्त शिसे धरले.

मात्र ते मोजून धातू घातलेले प्रयोगशाळेतले पाणी. आपल्या विहिरींच्या जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमही त्याच जागांवर हक्क सांगतात. पाणी फार आम्लधर्मी असले तर पकड सुटते. क्रोम मुलाम्याच्या पाण्यातले षट्‍संयुजी क्रोमियम या उपायाला दादच देत नाही, त्याला निराळी प्रक्रिया लागते. आणि आपल्या काळ्या रानाचं खरं दुखणं म्हणजे क्षार. त्यावर हे औषधच नव्हे. कोरा बगॅस विहिरीत टाकाल तर तो कुजेल आणि पाण्याला घाण वास मारेल, बस्स. पूर्वी निवळीचं बी उगाळून गढूळ पाणी नितळ करीत, पण तिथं गाळ खाली बसतो. विरघळलेल्या धातूची गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा. धातू नाहीसा होत नाही, तो पाण्यातून बगॅसमध्ये जातो. असा भरलेला बगॅस दिसायला साधाच. कोणीतरी "वाया कशाला घालवा" म्हणून तो उकिरड्यावर टाकील, नाहीतर आपल्याच बॉयलरकडे परत धाडील. जळाल्यावर तंतू जातात. शिसे-कॅडमियम काही धुरावाटे जाते, बाकी राखेत उरते. राख प्रेसमडच्या कंपोस्टात पडते आणि ते कंपोस्ट तुम्हीच गाडी लावून शेतात नेता! कॅडमियम जमिनीत मुरले की पिढ्यान् पिढ्या निघत नाही, आणि पालेभाज्या ते मुळांवाटे उचलतात.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ही प्रक्रिया मुलामा देणाऱ्या कारखान्याच्या नळीच्या तोंडाशी, त्यांच्याच खर्चाने व्हावी. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानेही सांडपाण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आहे. त्यांना बगॅस विकायला संचालक मंडळाने हरकत घेऊ नये. पण वापरलेला बगॅस घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रावर जाईल, असे लेखी घेतल्याशिवाय एक ट्रॉलीही गेटबाहेर जाता कामा नये.

तूर्त पाणी तपासून घ्या. शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघाले तर ते पाणी पिण्यास वापरू नका. नेहमीच्या पाणी परीक्षणात सामू व क्षार पाहतात, धातू पाहत नाहीत. ते वेगळे सांगावे लागते. नमुन्याची बाटलीही प्रयोगशाळेतूनच मागून घ्यावी, औषधाची रिकामी बाटली धुऊन आणू नये.