नेट कोणत्या दाराशी अडते?



चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत विहाराला लागून अभ्यासिका काढण्याची चांगली चाल पडली आहे. खाणीतल्या, पेपरमिलमधल्या, बांधकामावरच्या कामगाराच्या दोन खोल्यांच्या घरात मुलांना पुस्तक उघडून बसायला जागा नसते. ती जागा विहार देतो. आता पुस्तकाच्या जोडीला इंटरनेटही लागते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, स्पर्धा परीक्षेचा अर्ज नेटवर भरायचा, प्रवेशपत्र आणि निकालही तिथेच पाहायचा. म्हणून समिती वर्गणी काढून जोडणी घेते. आणि थोड्याच दिवसांत तक्रार सुरू होते की खाली कार्यालयात नेट चालते, वर अभ्यासिकेत चालत नाही. आज आम्ही याच तक्रारीविषयी लिहीत आहोत.

या तक्रारीच्या मुळाशी बहुधा दोन डब्बे असतात. पहिला डब्बा कंपनीचा. फायबरची तार त्यात येते. त्याचे वाय-फाय जाड भिंतींतून वर पोहोचत नाही, म्हणून कोणी बाजारातून दुसरा डब्बा आणतो आणि तारेने पहिल्याला जोडतो. हे दोन्ही डब्बे म्हणजे राउटर. प्रत्येकात फायरवॉल असते, म्हणजे प्रत्येक डब्बा एक दार आहे आणि दाराशी एक राखणदार आहे. आतला माणूस मागेल ते बाहेरून आणून द्यायचे, न मागता कोणी आत शिरू लागला तर अडवायचे, हे त्याचे काम. अभ्यासिकेतल्या मुलाला जगापर्यंत जायला अशी दोन दारे ओलांडावी लागतात.

दोन दारे असणे हा काही रोग नव्हे. साधे पान उघडणे, अर्ज भरणे, व्हिडिओ पाहणे दोन दारांतूनही नीट होते. रोग होतो तो दोन्ही दारांचा नंबर एकच असल्यामुळे. हे कसे, ते समजून घेऊ.

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगातली यंत्रे त्याहून वाढणार हे दिसू लागले, तेव्हा १९९६ साली ठरलेल्या नियमाने काही आकडे फक्त घरातल्या वापरासाठी राखले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे त्यांतलेच. प्रत्येक वस्तीत जसे घर नंबर एक असते, तसे हे आकडे घरोघरी पुन्हा पुन्हा वापरता येतात. बाहेरच्या जगाला फक्त राउटरचा पत्ता दिसतो, आतली वाटणी राउटर करतो. जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, तरी काम चालू राहिले ते बरेचसे या युक्तीमुळे.

आता अडचण अशी की बाजारातले कितीतरी डब्बे कारखान्यातून एकच नंबर घेऊन येतात: १९२.१६८.१.१. पहिल्या डब्ब्याचा हाच, दुसऱ्याचाही हाच. मग दुसऱ्या डब्ब्याला कळत नाही की १९२.१६८.१ ची वस्ती आपल्या आत आहे की बाहेर. तो निरोप आतच फिरवत बसतो. काही नवे डब्बे हा घोळ ओळखून आपला नंबर आपणच बदलतात, सगळे बदलत नाहीत.

मागच्या वर्षी एका कोळसा खाणीजवळच्या वस्तीत आम्ही हाच प्रकार पाहिला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला होता, दोन दिवस उरले होते. कंपनीचा माणूस येऊन गेला. खाली मोबाईल धरून म्हणाला, "लाईन त बरोबर हाये." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण तो वर चढून आला नाही. शेवटी मायलेकी बसने तालुक्याला गेल्या. बसभाडे, केंद्रावरचे पैसे आणि आईची एक दिवसाची मजुरी, एवढे एका अर्जाला लागले. पुढच्या रविवारी दुसऱ्या डब्ब्याचा नंबर बदलला. काम पंधरा मिनिटांचे होते.

म्हणून आमचे सांगणे असे की एकेक दार तपासावे, उडी मारू नये.

पहिल्यांदा पहिल्या डब्ब्याचे दिवे पाहावे. फायबरच्या डब्ब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा तार कुठेतरी तुटली आहे. कंपनीला कळवावे. दिवे ठीक असतील तर पहिल्या डब्ब्याच्या वाय-फायवर मोबाईल जोडावा. नेट चालले तर बाहेरची वाट मोकळी आहे, दोष पुढे आहे.

मग दुसऱ्या डब्ब्याकडे जावे. पहिल्याकडून आलेली तार त्याच्या 'वॅन' लिहिलेल्या भोकात आहे का ते पाहावे. बहुतेक डब्ब्यांवर त्याचा रंग वेगळा असतो. तीच तार चुकून 'लॅन'च्या भोकात गेली तर दोन्ही डब्बे नंबर वाटू लागतात, आणि नेट कुणाला मिळते, कुणाला मिळत नाही.

तार बरोबर असेल तर दुसऱ्या डब्ब्याच्या वाय-फायवर मोबाईल जोडून ब्राउझरमध्ये डब्ब्याचा नंबर टाकावा. आकडे इंग्रजीत टाकायचे. नंबर डब्ब्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर असतो. पान उघडले की आतल्या 'लॅन'चा नंबर १९२.१६८.२.१ करावा, जतन करावा. मग दोन्ही डब्बे बंद करावे. आधी पहिला चालू करावा, दोन मिनिटे थांबावे, मग दुसरा. आता अभ्यासिकेतून १९२.१६८.२.१ टाकल्यावर दुसऱ्या डब्ब्याचे पान दिसेल आणि १९२.१६८.१.१ टाकल्यावर पहिल्याचे. दोन्ही पाने दिसली म्हणजे दोन्ही दारांपर्यंत वाट आहे. एवढे करूनही नेट नसेल तर पहिल्या डब्ब्यात कुणी वेळेचे किंवा ठरावीक यंत्रांचे बंधन घातले आहे का ते पाहावे. रागाने फायरवॉलच बंद करू नये. तो उपाय नव्हे.

ज्यांना दोन दारे नकोतच, त्यांनी दुसऱ्या डब्ब्यात 'ॲक्सेस पॉईंट' ही सोय असल्यास ती निवडावी. मग दुसरा डब्बा राखणदारी सोडतो, फक्त वाय-फाय पसरवतो. बहुतेक विहारांना हेच पुरेसे आहे.

एक गोष्ट मात्र समित्यांनी नीट लक्षात घ्यावी. हिशेबाचा संगणक सुरक्षित राहावा म्हणून तो पहिल्या डब्ब्यावर ठेवतात आणि मुलांना दुसऱ्यावर बसवतात. हे उलटे आहे. आतल्या दारातला माणूस अंगणातून जातो, तेव्हा अंगणातल्या वस्तूंपर्यंत त्याचा हात पोहोचतो. अंगणातला मात्र आतल्या दारातून आत येऊ शकत नाही. म्हणून जपायचे ते दुसऱ्या दाराच्या आत ठेवावे.

आपल्या हातात नसलेली अडचणही असते. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो, तिथे तार तुटली तर दुरुस्तीवाला कसा पोहोचणार? ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली, २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. ती जोडणी आपल्या गावात चालू आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारावे. तिथे अर्ज करावा, ओरड करावी. पण आधी आपली दोन दारे तपासून जावे, म्हणजे "तुमच्याच घरात बिघाड आहे" असे उत्तर कुणाला देता येणार नाही. तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. कारण सापडल्याशिवाय उपाय सापडत नाही, हे लहान गोष्टीलाही लागू आहे.

शेवटचे आणि आम्हाला सर्वात महत्त्वाचे वाटते ते असे. आम्ही पाहतो की डब्ब्याचा पासवर्ड एकाच भाऊंना ठाऊक असतो. भाऊ खाणीत दुसऱ्या पाळीला गेले किंवा कामासाठी पुण्याला गेले की अभ्यासिका ठप्प. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी याच चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, ती माणसामाणसांतली बंद दारे उघडण्यासाठी. त्यांच्या नावाच्या अभ्यासिकेची किल्ली एकाच खिशात शोभत नाही. एक वही करावी. कोणती तार कुठून कुठे जाते, कोणत्या डब्ब्याचा नंबर काय, कंपनीचा ग्राहक क्रमांक कोणता, हे त्यात लिहावे. कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून नवा लिहावा आणि वही कपाटात कुलपात ठेवावी. किल्ली दोघांकडे द्यावी, त्यांतली एक अभ्यासिकेतल्या मुलीकडे किंवा महिला मंडळाकडे.

येत्या रविवारी वंदना झाली की दहा मिनिटे काढा आणि दोन्ही डब्ब्यांपाशी मुलांना उभे करा. बिघडण्याआधी शिकून घेतलेले अर्जाच्या शेवटच्या दिवशी उपयोगी पडते.

जयभीम! नमो बुद्धाय!