माडीतला बिननावाचा पाहुणा

पिझ्झा बेस, पाव, बिअर... आपला अख्खा वीकएण्ड यीस्टच्या जिवावर चालतो. पण यीस्ट म्हणजे फक्त सुपरमार्केटमधलं पाकीट नव्हे, बरं का! सांडोरसारख्या वसईच्या गावांत ते माडावर राहतं.

माडाच्या पोयीतून टपकणारी नीरा गोड असते. काही तासांत तिला फेस येतो आणि तिची माडी होते. यीस्ट कुणी घालत नाही. ते मडक्यातून, हवेतून, किड्यांच्या पायांवरून आपसूक येतं. पूर्वी इथल्या ख्रिस्ती घरांत नाताळचे फुगे याच माडीवर फुगायचे.

पण त्या फेसात नेमकं कोण कोण असतं? मायक्रोस्कोपखाली बघाल तर बहुतेक सगळे अंडाकृती ठिपके, एकसारखेच. म्हणून पूर्वी संशोधक प्रत्येकाला वेगवेगळ्या साखरा खाऊ घालून कुणाला काय पचतं ते बघायचे. आता थेट डीएनए वाचतात. ओळख पटवायला सुमारे सहाशे अक्षरांचा एक ठरावीक तुकडा घेतात. ओळखीच्या जातीपेक्षा त्यात एक टक्क्याहून जास्त, म्हणजे सहा किंवा अधिक अक्षरं वेगळी निघाली, की कान टवकारायचे. हा नवा गडी असू शकतो!

तेवढ्यावर बारसं होत नाही. डीएनएचे आणखी तुकडे तपासायचे, साखरेच्या चाचण्या करायच्या, बीजाणू होतात का ते पाहायचं. मग नमुना कायमचा जतन करायचा, नावाची नोंदणी करायची आणि वर्णन छापायचं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये असंच एक बारसं केलं. दुर्गंधी अळंबीवर ताव मारणाऱ्या फळमाश्यांमध्ये त्यांना एक नवं यीस्ट सापडलं. नाव ठेवलं 'सुहोमायसेस ड्रोसोफिली'. ड्रोसोफिला म्हणजे फळमाशी!

आजवर जगात यीस्टच्या जेमतेम दीड-दोन हजार जाती नोंदल्या गेल्यात. बाकीच्या अजून झाडांवर, फुलांत, किड्यांच्या पोटात बिननावाच्या राहतात. वाडी जाऊन टॉवर आला की माड जातो, मडकं जातं आणि त्यातली वस्तीही. वाघ कमी झाले तर मोजता तरी येतात. ज्याला नावच नाही, तो हरवल्याची तक्रार कोण देणार?

तेव्हा यंदा नाताळात वसईच्या मित्राकडे फुगे खाल, तेव्हा त्याच्या आजीला एवढं जरूर विचारा: यीस्ट पाकिटातलं की माडावरचं?