आफ्रिकेची सफर व येऊरचा पाणवठा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्यानें केनियांतील मसाई मारा येथें जाऊन सिंह, हत्ती, गेंडा व रानम्हैस हे चार बडे प्राणी डोळे भरून पाहिले. पांचवा बिबट्या मात्र तीन दिवस शोधूनहि दिसला नाहीं, याची त्याला मोठी हळहळ वाटत होती. हा मुलगा राहतो ठाण्यास, वर्तकनगरांत! तेथून येऊरचा डोंगर हांकेच्या अंतरावर. आणि ज्याच्यासाठीं तो समुद्र ओलांडून गेला, त्याच जातीचा बिबट्या त्या डोंगरांत नांदत आहे.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेंतला. ती आणि आपली ‘सफर’ या एकाच अरबी शब्दाच्या लेकी. तेव्हां सफरीला आमचा विरोध नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, तेथें पाळलेली शिस्त आपण घरीं येतांच विसरतों. तेथें गाडींतून पाय खालीं टाकूं देत नाहींत, मोठ्यानें बोलूं देत नाहींत. आणि पैसे मोजलेले असल्यामुळें आपण तें निमूटपणें ऐकतों. इकडे 2019 च्या फेब्रुवारींत ठाण्याच्या भर वस्तींत एक बिबट्या शिरला. 2022 च्या नोव्हेंबरांत कल्याण पूर्वेस दुसरा एका इमारतींत शिरला व त्यानें कांहीं माणसांना जखमी केलें. दोघांनाहि बेशुद्ध करून पकडावें लागलें. अशा प्रसंगीं लोक काय करतात? मुलांना खांद्यावर घेऊन पाहावयास धांवतात, गच्च्या भरतात, भ्रमणध्वनी उंचावून ओरडतात. बिथरलेल्या जनावरास निसटावयास वाट उरत नाहीं. बेशुद्धीचें औषध टोंचल्यावरहि तें तत्काळ आडवें होत नाहीं. मधलीं मिनिटें सर्वांत धोक्याचीं, आणि गर्दी पुढें सरकते ती नेमकी त्याच वेळीं.

येऊरचें रान हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग. सुमारें 104 चौरस किलोमीटरांच्या त्या उद्यानांत व त्याच्या भोंवतीं 2015 सालीं स्वयंचलित कॅमेरे लावून, अंगावरील ठिपक्यांच्या ठेवणीवरून 35 बिबटे मोजण्यांत आले. त्यांचे खरे शेजारी पाड्यांवरील आदिवासी बंधु. अंधार पडल्यावर मूल एकटें बाहेर न सोडणें, विजेरी घेऊन बोलत चालणें, वाघोबाला मान देणें, हें त्यांचें वळण. बिबट्या पाहावयास ते धांवत सुटत नाहींत.

वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं तेथें पाणवठ्यांजवळ मचाणांवर बसून प्राण्यांची गणती करतात. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ एकदां असे बसले होते. खोकला आला तरी रुमाल तोंडांत धरावयाचा! पहाटेपर्यंत त्यांना दोन सांबरें व एक रानडुक्कर एवढेंच दिसलें. मात्र मध्यरात्रीं वानरें एकाएकीं खेंकसूं लागलीं, सांबरानें इशारा दिला, आणि पाण्यावरचीं जनावरें जागच्या जागीं थबकलीं. तो कोठें आहे, हें तीं सर्व जाणत होतीं. मचाणावरच्या माणसालाच काय तें दिसत नव्हतें. अशी रात्र आम्हांला गाडींतून पाहिलेल्या दहा सिंहांहून मोलाची वाटते.

पालकांनीं मुलांस आफ्रिकेला खुशाल न्यावें. पण त्यापूर्वीं एका सकाळीं रीतसर परवानगी काढून येऊरला न्यावें, आणि बिबट्या दिसेल असें वचन मात्र देऊं नये.

मचाणाची ही हकीकत आम्हीं त्या विद्यार्थ्यास सांगितली. येत्या वैशाखांत मचाणावर शाळकरी मुलांना बसूं देतात काय, याची तो आतां चौकशी करीत आहे.