सोमवारी जहाज लागले तर?
मुंबईत बॅलार्ड पिअरला क्रूझ लागली, की पाहुण्यांची पहिली पसंती घारापुरीला: गेटवेहून तासाभराची लाँच, धक्क्यावरून छोटी झुकझुकगाडी, दुकानांच्या ताडपत्रीखालून शंभरावर पायऱ्या आणि मग काळोखातून हळूहळू उमटणारा वीसेक फुटी त्रिमुख सदाशिव. जहाज सोमवारी आले तर मात्र पंचाईत. त्या दिवशी ही लेणी बंद. अशा वेळी गाइडने गाडी खुशाल पुण्याच्या दिशेने काढावी. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब त्यांच्या नावानिशी उभे आहेत, छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत आणि दाराशीच एकवीरा आईला नवस फेडायला आलेल्या कोळ्यांची गर्दी. पुणेकरांना तर त्यासाठी जहाजही नको. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे आणि रिक्षा धरायची.