बंदी बोटीला आहे, इंजिनाला नाही



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस आपल्या यांत्रिक बोटी बंदरात. बोट शाकारली, ताडपत्री टाकली, जाळी दुरुस्तीला काढली. आणि इंजिन? त्याच्यावरचं झाकण एकदा बंद केलं की थेट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उघडतं. मग ऑइल, फिल्टर, बेल्ट सगळं घाईत. मेकॅनिक फोन उचलत नाही, कारण अख्ख्या बंदराला तो त्याच चार दिवसांत हवा असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ऑइल बोट लावतानाच बदला, सोडताना नाही.

डिझेल जळल्यावर त्यातलं गंधक आणि काजळी ऑइलात उतरते. त्यात ओलावा मिसळला की आम्ल तयार होतं. हे काळं ऑइल दोन महिने बेअरिंगला लागून राहिलं की आतल्या आत धातू खातं. काही जण म्हणतात, ‘नवीन ऑइल फुकट पडून राहील.’ पडून राहू दे की! दोन महिन्यांत ते खराब होत नाही, ऑगस्टला त्याच्यावरच निघा. खर्च तेवढाच, फक्त तारीख बदलायची. इंजिन गरम असतानाच जुनं ऑइल काढा, म्हणजे गाळ सोबत निघतो.

दुसरा शत्रू खारं पाणी. समुद्राचं पाणी जिथून जिथून फिरतं तिथे गोडं पाणी फिरवा आणि मग पूर्ण काढून टाका. कूलरमधलं जस्त अर्धं झिजलं असेल तर नवीन घाला. ते झिजतं म्हणून कूलर वाचतो. पंपाचा रबरी इंपेलर काढून ठेवा, नाहीतर त्याची पाती वाकलेल्या जागीच बसतात.

तिसरं, टाकी अर्धी ठेवू नका. पावसाळी हवेने रिकाम्या भागाला आतून घाम फुटतो आणि पाणी तळाला जमतं. काही वर्षांपूर्वी आम्ही हे भोगलंय. सीझनची पहिलीच फेरी, समुद्र अजून खवळलेला, आणि फिल्टरमध्ये पाणी येऊन इंजिन बंद. बोट लाटेला आडवी झाली. दुसऱ्या बोटीने दोर टाकला म्हणून परत आलो. बर्फ, डिझेल, फेरी सगळं गेलं. पण त्या तासाभरात खलाशांची तोंडं बघितली, ती विसरलो नाही. टाकीचा खालचा नळ दोन मिनिटं उघडला असता तर हे झालं नसतं.

दर आठ-पंधरा दिवसांनी फ्लायव्हील हाताने थोडं फिरवा, रिंगा चिकटत नाहीत.

सीझनमध्ये धुराकडे बघत जा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा बोजा जास्त. बोट पळावी म्हणून मोठा पंखा बसवणाऱ्यांनी हा काळा धूर आधी बघावा. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, इंजिन चालवूच नका.

‘पैसा कुठून आणू? डिझेलचा परतावा कधी येईल सांगता येत नाही,’ हे मलाही मान्य आहे. परताव्यासाठी भांडूच. पण इंजिन परताव्याची वाट बघत नाही. म्हणून सोसायटीकडे दोन मागण्या. मे महिन्यातच सगळ्या बोटींचं ऑइल-फिल्टर एकत्र घ्या, भाव उतरेल. आणि प्रत्येक बोटीला एक वही द्या. इंजिन किती तास चाललं, ऑइल कधी बदललं, ड्रायव्हरने लिहायचं आणि मालकाने महिन्यातून एकदा वाचायचं.

ड्रायव्हरने ‘आवाज वेगळा येतोय’ म्हटलं की ‘ही फेरी मारून ये, मग बघू’ म्हणणारे आपणच मालक असतो. ते आधी बंद करूया.

पटलं तर आपल्या बंदराच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, भांडूया. पण ऑइल आधी बदला.