बिघाड फोनचा की हिशोबाचा?



"तूच काहीतरी नको ते टाकलं असशील त्यात!" फोन रुसला की घराघरांत हे वाक्य ऐकू येतं. कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीत राहणाऱ्या नववीतल्या एका विद्यार्थ्यालाही ते ऐकावं लागलं. त्याच्याकडे लिनक्सवर चालणारा स्मार्टफोन आहे. यूएसबी हब लावून त्याला कीबोर्ड, माउस जोडले की फोनचाच छोटा संगणक होतो. पण हबला लावलेला पेनड्राइव्ह काही दिसेना आणि प्रकल्पाची फाइल त्यातच अडकलेली. बाबांचा निकाल तयार होता : "हे लिनक्सचं खूळ बंद कर, सगळं पुसून टाक."

मुलगा फोन घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला म्हटलं, काही पुसू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि वहीत लिही.

पेनड्राइव्ह थेट फोनला लावला, चालला. हबला कीबोर्डसोबत लावला, दिसेना. कीबोर्डमुळे भार वाढत असेल, असं त्याला वाटलं. म्हणून कीबोर्ड काढला. तरीही दिसेना! म्हणजे अंदाज चुकला. मग त्याने 'डीमेसेज' ही आज्ञा देऊन फोनची नोंदवही उघडली. तिथे कारण स्पष्ट लिहिलं होतं : उपलब्ध वीज अपुरी, म्हणून जोडणी नाकारली.

आता साधा हिशोब बघा. यूएसबी २.० च्या नियमानुसार एका पोर्टमधून ५ व्होल्टला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर विद्युतधारा मिळते, म्हणजे २.५ वॅट. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही, तो त्यातले १०० स्वतःसाठी ठेवतो आणि चार पोर्टना प्रत्येकी १०० देतो. पेनड्राइव्हची मागणी होती २००. फोन बिघडला नव्हता, नियम पाळत होता. हबला त्याचा अडॅप्टर जोडला आणि फाइल मिळाली.

दोष नेहमी हिशोबाचाच असतो असं नाही. पाइनफोन या लिनक्स फोनच्या सुरुवातीच्या काही बोर्डांवर यूएसबी-सीच्या जोडणीतच चूक होती, ती पुढच्या आवृत्तीत सुधारली गेली. पण दोष कुठे आहे हे तपासल्यावरच कळतं, रागावून नाही.

नववीला 'धाराविद्युत' हा पाठ आपण शिकवतो. ओहमचा नियम मुलांना पाठ असतो, उदाहरणंही सुटतात. पण प्रयोगशाळेतलं प्रत्येक परिपथ आधीच चालू असतं. मग बंद पडलेल्या वस्तूसमोर मूल गोंधळणार नाही तर काय?

"पोर्शन संपत नाही, वेळ कुठून आणायचा?" हा प्रश्न मलाही पडतो. तरी माझं मत ठाम आहे : त्या पाठाला एक तास मुद्दाम बिघडवलेल्या परिपथाचा हवाच. एक तार सैल ठेवा, एक सेल उलटा बसवा, आणि गुण उत्तराला नाही, तपासणीच्या नोंदींना द्या.

आणि पालकहो, पुढच्या वेळी काही बंद पडलं तर "तू काय केलंस?" असं विचारण्याआधी "तू काय काय तपासलंस?" असं विचारून बघा. पहिल्या प्रश्नाने मूल वस्तूला हात लावायचं सोडून देतं. दुसऱ्याने ते वही काढतं.

तुमचा अनुभव जरूर कळवा.